वय, सवय, दुखणं

कुणाच्याही घरात शिरताना काका चपला बाहेर काढायचे, यात विशेष काही नाही. पण मग ते डोळे मिटून, हात मागे बांधून, हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालायचे. घर विकणारा माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा. मी त्याला हळूच सांगायचे की थांबा जरा, ते पायांनी बघतायत. तळव्याला कुठली फरशी पोकळ लागते, कुठे गार लागते, कुठे उतार आहे, हे त्यांना चालताना कळायचं. नंतर खातरजमा म्हणून ते खिशातून एक काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवायचे. गोटी बहुतेक वेळा त्यांच्या तळव्यांशी सहमत असायची.

अंबरनाथला एका कारखान्याची वसाहत होती. तिथल्या देखभाल ऑफिसात काका सुपरवायझर होते आणि मी कंत्राटी क्लार्क. सगळी वसाहत त्यांना दादूस, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची. मी महिनाभर साहेब म्हणून पाहिलं, पण साहेब म्हटलं की ते मागे वळून कोण आलं ते बघायचे, म्हणून मग काका. ऑफिसात एक जाडजूड तक्रारवही होती. लोक तिच्यात छत गळते, दार लागत नाही, भिंतीस ओल आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी, असं लिहून जायचे. काका जाऊन बघून यायचे आणि शेवटच्या रकान्यात लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहायचे. वय, सवय किंवा दुखणं. चौथा शब्द मी त्या वहीत कधी पाहिला नाही.

वय म्हणजे घर जुनं झालं की आपोआप होतं ते. प्लॅस्टरला केसाएवढ्या चिरा, पावसात फुगणारं दार, रुळात अडकणारी खिडकी. त्याला रंगाचा हात मारायचा, रंधा मारायचा, आणि गप्प बसायचं. सवय म्हणजे माणसांनी घराला लावलेली. संडासच्या खिडकीला पुठ्ठा ठोकला म्हणून आलेली बुरशी, एकाच प्लगवर फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री, वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या भिंतीत. सवय मोडता येते, पण त्यासाठी सिमेंट नाही, माणसाशी बोलायला लागतं, आणि ते सिमेंटपेक्षा अवघड, असं ते म्हणायचे. दुखणं मात्र वेगळं. बीमला सळईच्या रेषेत गेलेली लांबट चीर, तिच्यातून आलेला गंजाचा तांबूस ओघळ, फुगून पोकळ वाजणारं प्लॅस्टर, कोपरा सुटलेला कॉलम. दुखण्यावर रंग मारणं म्हणजे तापलेल्या पोराला पावडर लावून शाळेत धाडणं, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की हल्ली मीच ते लोकांना ऐकवते.

वसाहतीतल्या माणसांना निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायला लागायची. मग बदलापूर, वांगणी, अंबरनाथ, जिथे जमेल तिथे घर बघायचं आणि काकांना न्यायचं, ही रीतच पडली होती. काका एका पैशाला शिवायचे नाहीत. विकणाऱ्याच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे, आणि घर बघून होईपर्यंत बसायचे नाहीत. अट एकच. घरात जो दिवसभर असणार त्याला बरोबर आणायचं. रात्री झोपायला येणाऱ्याला भिंत कळत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे कर्ते पुरुष खाली ब्रोकरशी बोलत उभे राहायचे आणि काका त्यांच्या बायकांना, आयांना घेऊन ओट्याखाली वाकून बघत असायचे.

आधी ते वरच्या आणि खालच्या घराची बेल वाजवायचे. वरच्यांकडे कपडे कुठे धुता, आणि खालच्यांकडे तुमचं छत कोरडं आहे का, एवढंच विचारायचे. मग बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं ते बघायचे. नाण्याने टाइल्स वाजवायचे. भिंतीला तळवा लावून मिनिटभर तसेच उभे राहायचे. सबंध घर मळकं आणि एकच भिंत ताज्या रंगाची दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. हिला एकटीलाच कुठल्या लग्नाला जायचंय, असं ते विकणाऱ्याला विचारायचे. विचारताना आवाज अगदी साधा. त्याला राग यायलाही सवड मिळायची नाही.

आणि शेवटी ते भिंत खायचे. दुसरा शब्द नाही. माळ्यावर चढून, जिथे रंग पोचलेला नसतो तिथून नखाने चिमूटभर प्लॅस्टर काढायचे आणि जिभेच्या टोकाला लावायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. त्यांचे वडील आणि आजोबा मिठागरावर राबलेले. लहानपणी काकांना जिभेवर दाणा ठेवून तो कुठल्या कुंडातला ते सांगता यायचं. रेती खाडीची असेल तर तिच्यात मीठ असतं आणि ते मीठ सळईला आतून खात राहतं. वरून दहा-पंधरा वर्षं काही दिसत नाही. जिभेला मात्र पहिल्याच दिवशी कळतं. चव बरी असली की काका "गोड" म्हणायचे आणि तोंड पुसायचे.

सगळं पाहून झालं की चिठ्ठी. कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे तीन खाने, वर तीन शब्द, आणि तळाला "वाचून पाहिलं" लिहून सहीची रेघ. नुसती सही पुरत नाही, हे एका भांडणातून कळलं. एका गृहस्थांनी चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली, घर घेतलं, आणि पावसाळ्यात ऑफिसात येऊन काकांवर ओरडले की तुम्ही सांगितलं नाहीत. काकांनी चिठ्ठी मागवून त्यात बोट ठेवून दाखवलं. गृहस्थ म्हणाले, सही केली, पण असलं कोण वाचतं. तेव्हापासून काका प्रत्येक चिठ्ठीत कुठेतरी मध्येच एक ओळ घालायला लागले. "स्वयंपाकघरात हत्ती बांधलेला आढळला." जो हत्तीपाशी थांबायचा नाही त्याला घर घ्यायचं की नाही, याचं मत मिळायचं नाही.

आमच्यावर वेळ आली ती बाबांच्या निवृत्तीने. क्वार्टर सोडायला चार महिने होते. बाबा कारखान्यातून थेट घरी आणि घरातून थेट विहारात जाणारा माणूस, घराच्या भानगडीत पडायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून मी आणि आई. बदलापूरला एक घर आम्हाला फार आवडलं होतं. मोठ्या खिडक्या, समोर झाडं, पलीकडे नदी. मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. काका जिन्यापाशी आले आणि वर चढलेच नाहीत. विजेचे मीटर भिंतीवर इतके उंच होते की रीडिंग घ्यायला स्टूल लागलं असतं. त्यांच्या खाली, कमरेच्या उंचीवर, जुन्या स्क्रूंची भोकं लांबी भरून बुजवलेली होती. काकांनी आईला विचारलं, "वहिनी, हे मीटर वर का गेले असतील?"

आईने भोकं पाहिली, मीटर पाहिले, आणि म्हणाली, "पाण्याला भिऊन."

ब्रोकर म्हणाला की तसं कधीतरीच होतं. काकांनी मान डोलावली, तिथेच उभ्याने चिठ्ठी लिहिली. सवयीच्या खान्यात एकच शब्द, नदी. ही सवय मोडायला कुणाशी बोलायचं ते मला माहीत नाही, असं म्हणून ते रिक्षात बसले. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

दुसरं घर अंबरनाथलाच, शिवमंदिराच्या पुढे, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून काही दिसत नव्हतं. भिंतींना चिरा, दारं कुरकुरणारी, बेडरूमच्या छताला पिवळा डाग. काका मात्र त्या घरात दोन तास रमले. वर जाऊन त्यांनी वॉशिंग मशीनचा निसटलेला पाइप शोधून काढला, वरच्या बाईंच्या सासूशी गप्पा मारल्या, माळ्यावर चढून भिंत खाल्ली आणि गोड म्हणाले. चिठ्ठीत वयाचा खाना भरून वाहत होता, सवयीत मशीनचा पाइप, आणि तिसरा खाना मोकळा. त्या मोकळ्या खान्याने मी इतकी हरखले की बाकी काही न वाचता सही ठोकली.

काकांनी शांतपणे विचारलं, की हत्तीला चारा कोण घालणार. मी तोंडात मारल्यासारखी उभी. रोज ज्या माणसाच्या शेजारी बसून या हत्तीवर हसायचे, त्याच हत्तीने मला तुडवलं होतं. आईने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली. आई चौथी शिकलेली. ती प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत वाचत गेली, हत्तीपाशी आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. काकांनी माझ्या सहीची चिठ्ठी फाडली, नवी लिहिली आणि पेन आईच्या हातात दिलं. त्या घरात आम्ही अजून राहतो. चिरा होत्या तेवढ्याच आहेत. आईच्या सहीची ती चिठ्ठी घराच्या कागदपत्रांत सगळ्यात वर ठेवली आहे.

आता जे सांगायचं ते मला सांगायला फारसं आवडत नाही. एवढी शंभर घरं पायाखाली घातलेल्या माणसाने स्वतःचं घर कधी कुणाला दाखवलं नव्हतं. उल्हासनगरला आहे एक खोपटं, एवढंच ते म्हणायचे. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण हॉलचं, भेटायचं तर स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे. ऑफिसात आम्ही अंदाज बांधायचो की काकांचं घर एकदम टकाटक असणार, गोटी जागची हलत नसणार, आणि दाखवलं तर आमची दृष्ट लागेल म्हणून ते दाखवत नसणार.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्या मामेभावाला वांगणीला घर बघायचं होतं. काकांनी रविवारी येतो म्हणून सांगितलं आणि आले नाहीत. फोन उचलेनात. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे, म्हणून मला काळजी वाटली. त्यांच्या निवृत्तीचे कागद मीच टाइप केले होते, त्यामुळे पत्ता होता. उल्हासनगरला गेले. चार मजली इमारत, तळमजल्याच्या दारात एक सिंधी आंटी मांडीवर जीन्स घेऊन धागे कापत बसलेल्या. त्यांच्याकडून कळलं की काकांचा पाय मुरगळलाय, दुसऱ्या मजल्यावर आहेत. मी जिन्याकडे बघत राहिले. कॉलमचे कोपरे सुटले होते आणि आतल्या सळयांवर कुणीतरी नीट, हात न थरथरू देता, करड्या ऑइल पेंटचा हात दिला होता.

आंटींना माझी नजर कळली असावी. त्या म्हणाल्या, "काका रहते हैं ना, तो हमको टेन्शन नहीं. उनके बोलने पे ही तो सबने इधर लिया था."

सोळा घरं. काकांचा सख्खा भाऊ, दोन मेव्हणे, शेजारपाजारचे, आणि या आंटींचे यजमान. इमारत नवी असताना सगळ्यांनी काकांना विचारलं होतं, आणि काकांनी घ्या म्हणून सांगितलं होतं. गेल्या वर्षी, इमारत पक्की आहे का याचं ऑडिट करून घ्या, अशी महापालिकेची नोटीस आली, तेव्हा सोसायटीने पुन्हा काकांनाच विचारलं. काका म्हणाले, वय झालंय, बाकी काही नाही. मग कुणी ऑडिट केलं नाही. आंटी हे सगळं मोठ्या विश्वासाने सांगत होत्या आणि मला जिना चढायचं जिवावर आलं होतं.

काकांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घर झकपक होतं. फरशी पुसलेली, भांडी लखलखीत. जिथे ते झोपायचे त्या एकाच खोलीला पांढरं शुभ्र फॉल्स सीलिंग केलेलं होतं. एकाच खोलीला. मला त्यांचं ते एकट्या भिंतीच्या लग्नाचं वाक्य आठवलं, पण मी ते बोलले नाही. सीलिंग भिंतीपाशी जिथे संपत होतं तिथे पलंगाच्या कडेला त्यांनी वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं आणि त्याच्यावर भुगा पडलेला होता. मी पायाकडे बघून चौकशी केली, त्यांनी सांगितलं, जिन्यावर प्लॅस्टरची खपली आली पायाखाली. मग मला काय झालं कोण जाणे, मी वर्तमानपत्रावरचा एक खडा उचलला आणि जिभेला लावला.

काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यासारखं तोंड पुसलं आणि म्हणाले, "खारट आहे, काका."

काका पलंगावर बसले आणि भिंतीकडे बघत सांगायला लागले. इमारत बांधायला घेतली तेव्हा ते नवे नवे सुपरवायझर झाले होते. डोक्यावर हेल्मेट, हातात टेप. फाटकातच रेतीचा ढीग होता. बरोबर बिल्डरचा इंजिनिअर होता आणि सासरची माणसं होती. "हात गेलेला ढिगाकडं, बाय. पन तोंडात घालायची लाज वाटली. बोलतील, मिठागरावरचा तो मिठागरावरचाच. तेवढ्यासाठी नाय चाखली." त्या दिवसानंतर त्यांनी एकही घर न चाखता सोडलं नव्हतं. फक्त हे एक सोडून.

मला त्यांचा राग आला होता. सोळा घरांतली माणसं या छताखाली झोपत होती आणि या माणसाला सगळं कळत होतं. मी तसं म्हणालेही. ते म्हणाले की मी उठलो तर सगळे उठतील, आणि उठून जातील कुठे, आंटी कुठे जाईल. मी एवढंच विचारलं की हेच घर माझ्या आईने दाखवलं असतं, तर कुठल्या खान्यात लिहिलं असतं.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, तू लिही, माझा हात त्या खान्यात जात नाही.

मी उठून सबंध घर पाहिलं, त्यांनी शिकवलं तसं. अनवाणी चालले, नाणं वाजवलं, फॉल्स सीलिंगचं एक पॅनल सरकवून टॉर्चने वर पाहिलं. वर सळया उघड्या पडल्या होत्या. मग लिहायला बसले. वयात तीन ओळी, सवयीत दोन, बाकी सगळं तिसऱ्या खान्यात. लिहून झालं आणि मला एकदम भीती वाटली की हा माणूस न वाचता सही करील. इतकी वर्षं वर न बघता झोपला, कागदाकडे न बघता सही करायला याला कितीसा वेळ. म्हणून तिसऱ्या खान्यात, बीम आणि जिन्याच्या कॉलमच्या मध्ये, मी एक ओळ घातली. स्वयंपाकघरात हत्ती बांधलेला आढळला.

काकांनी चष्मा लावला. आई वाचते तसं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ते वाचत गेले. हत्तीपाशी बोट थांबलं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली, त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि पुढे वाचत राहिले. बाकीच्या कुठल्याही शब्दावर पेन्सिल फिरली नाही. "वाचून पाहिलं"च्या खाली सही करून त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

पाय दुखत असताना ते कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरले. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. मीटरच्या बोर्डाशेजारी, जिथे सोसायटीच्या सूचना लावतात तिथे, त्यांनी चिठ्ठी चिकटवली, आणि आंटींना म्हणाले की वाचा आणि माझ्या सहीखाली सही करा. मराठी आंटींना अडत अडत वाचता यायचं. त्या चिठ्ठीजवळ जाऊन, कात्री हातात तशीच धरून, पहिल्यापासून वाचायला लागल्या. हळूहळू त्यांचा आवाज बसत गेला. तिसऱ्या खान्यात त्या अडखळल्या.

"काका, ये हाथी क्या है? काटा हुआ है."

"हाथी तो निकल गया," काका म्हणाले. "अब अपने को निकलना है. मेरी गलती थी, भाभी. पहले दिन से."

आंटींनी कात्री उंबऱ्यावर ठेवली आणि पेन मागितलं.